पाणमांजराच्या तोंडातला मासा

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटीचा फोटो आज छापून आला, तोही आमच्याच पेपरात. चहा व्हायच्या आधीच आईने कात्री घेऊन तो कापला. बगळा, पंख अर्धे उघडलेले, खाली पाण्यात दुसरा उलटा बगळा. कात्रण पालथं केलं तर मागच्या बाजूला माझा गोलकीपर, कालच्या सामन्याचा. त्याचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते.

"अगं, मागे तुझा होता होय?" आई म्हणाली. "दुसरा अंक आणू या की."

आणू या म्हणाली. आणला नाही.

चोवीस वर्षं मी पेपरासाठी खेळांचे फोटो काढतेय. माझे रोजच येतात, म्हणून कोणी कापत बसत नाही. एवढंच आहे ते. मला काही वाटलं नाही.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दातांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी म्हणाली, ताई, मला पक्ष्यांचे फोटो काढायचेत. माझी जुनी झूम लेन्स पडून होती, शंभर ते चारशेची. एकदा स्टेडियमच्या पायऱ्यांवरून गडगडली होती, तेव्हापासून फोटोची डावी कड जराशी पुसट येते. मला नकोच होती, दिली. आज फोटोखाली तिची चार ओळींची मुलाखतही आहे. 'सगळं ताईकडून शिकले. ती मैदानावर ज्या चपळाईने बघते, त्याच्या पावपट जरी मला जमलं तरी खूप.' काय हा नम्रपणा! मोठेपणा स्वतः घ्यायचा आणि मला पुढे करायचं.

संध्याकाळी तिचा फोन आला, उचलला नाही. आंघोळीला गेले होते असं सांगेन.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सामना. गोलरेषेच्या मागे माझी जागा ठरलेली आहे, कोपऱ्याच्या झेंड्यापासून आठ पावलं. पहिल्या वर्षी बाकीचे फोटोग्राफर मुद्दाम माझ्या पुढ्यात उभे राहायचे. एकदा एकाच्या पावलावर स्टुलाचा पाय ठेवला आणि वर बसले. तेव्हापासून जागा माझी.

अकराशे फोटो काढले. बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा निघतात, त्यातला एखादा लागतोच. क्रीडासंपादकांनी तीन सेकंदांत एक निवडला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तो बगळा तुझ्या बहिणीचा ना? किती वेळ बसली असेल गं ती! पुरवणीसाठी अजून काही देईल का, विचार की."

"विचारते," म्हणाले.

विचारलं नाही. तिला वेळ कुठे असतो?

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी आली होती. आईची दाढ बघितली आणि मग माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, पक्षी उडाला की मी मागे पडते गं. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवते, पण सगळे फोटो हललेले. काय चुकतंय?"

काय चुकतंय ते मला ऐकताक्षणीच कळलं. त्या लेन्सच्या अंगावर एक छोटं बटण आहे. उडणाऱ्या, पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा तर ते दुसऱ्या खुणेवर न्यायचं असतं.

"सराव कर," मी म्हणाले.

यात खोटं काय आहे? सराव तर करावाच लागतो. तिने बटणाबद्दल विचारलं असतं तर बटणाबद्दल सांगितलं असतं. मला कोण सांगायला आलं होतं?

जाताना सिंकमधली भांडी घासून गेली. माझ्या घरात येऊन भांडी घासायची काय गरज?

२६ फेब्रुवारी, बुधवार

वन्यजीव छायाचित्र स्पर्धेच्या सचिवांचा फोन आला. मी परीक्षक व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. टेलिफोटो लेन्सचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही म्हणाले. मला हवेत तरंगल्यासारखं झालं. नवऱ्याला सांगितलं.

"वन्यजीव?" तो म्हणाला. "तू कधी मांजराचा तरी फोटो काढलायस?"

याला काय कळतंय! चारशेच्या लेन्समधून बघायचं ते बघायचंच, समोर सेंटर फॉरवर्ड असो की हरीण.

प्रदर्शन भरेपर्यंत परीक्षकांची नावं गुप्त. फोटोंवरही नाव नाही, फक्त नंबर. आईलासुद्धा सांगायचं नाही असं ठरवलंय. दुपारी धाकटीचा फोन: "ताई, एक गंमत आहे, पुढच्या महिन्यात सांगेन." मीही म्हणाले, माझ्याकडेही आहे.

८ मार्च, शनिवार

एकशे बारा फोटो, पडद्यावर एकेक करून. परीक्षक तिघं: मी, वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि कॅलेंडरं छापणारे एक गृहस्थ.

सदुसष्ट नंबरचा फोटो आला. पाणमांजर पाण्यातून वर येतंय. तोंडात आडवा मासा, मिशांवरून सुटलेले थेंब. आणि मागे लव्हाळ्यात एक पिल्लू, आईच्या तोंडाकडे आ वासून बघणारं.

"झालं," प्राध्यापक म्हणाले. "पहिला नंबर मिळाला. बाकीचे आता बघायचे म्हणून बघू."

मी उठून पडद्याजवळ गेले. डावी कड पुसट होती.

ओळखीच्या माणसाचा फोटो असेल तर तसं सांगून बाजूला व्हायचं, असा नियम सकाळीच वाचून दाखवला होता. मी सांगणारच होते. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मासा बघा. डोळा पांढरा आहे. या माशाची नजर मेलेली आहे. बाजारातून आणून काठावर ठेवलाय."

"चारा टाकून?" सचिव दचकले. "मग तर बादच करावा लागेल."

"म्हणूनच सांगतेय."

छपाईवाले डोळे बारीक करून बघत राहिले. "मला आपली ती चकाकी वाटते."

"चोवीस वर्षं मी लेन्समधून बघतेय," मी म्हणाले.

"मग काय बोलणार," ते म्हणाले आणि मागे टेकून बसले. सचिवांनी माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पहिला नंबर एका घुबडाला दिला. घुबड बरं होतं.

९ मार्च, रविवार

मी खोटं बोललेले नाही. डोळा पांढरा दिसत होता, मी पांढरा म्हटलं. परीक्षकाने दिसतं ते सांगू नये का? आणि नंबर मिळून तिचं काय होणार होतं? तिला दवाखाना आहे, अख्ख्या गावाचे दात आहेत. माझ्याकडे एवढं एकच आहे.

सकाळपासून डोकं दुखतंय. हवा बदललीय.

२० मार्च, गुरुवार

भर दुपारी धाकटी आली, दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर. हातात पत्र.

"तुला न सांगता फोटो पाठवला होता," म्हणाली. "वाटलं होतं, नंबर आला तर तुला एकदम पेपरातच दिसेल."

ही तिची गंमत होती.

निकालाच्या यादीत खाली तिचं नाव छापलंय. नियमभंग, मृत मासा चारा म्हणून वापरल्याचा संशय. ती फोटो काढायला जाते त्या तळ्यावरच्या कचेरीपर्यंत यादी पोचली. आज सकाळी तिथल्या पहारेकऱ्याने तिचा पास काढून घेतला. प्राण्यांना चारा घालणाऱ्यांना आत सोडायचं नाही, वरून आलंय म्हणाला.

"तो बिचारा वर बघतच नव्हता गं. रोज मला बॅटरी दाखवत आत सोडायचा. आणि ती पिल्लं... डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांनी, तेव्हापासून बघतेय मी त्यांना. आता एका पेशंटने विचारलं, डॉक्टर, मासा कुठून आणला होता? हसत विचारलं."

मी पाणी दिलं. ते ती प्यायली नाही.

"पत्र वाच ना. मोठ्याने वाच."

मी वाचलं. वाचत असताना ती माझ्याकडे बघत होती. बिचारी इतकी हादरलीय की तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. माशाबद्दलचं वाक्य आलं तेव्हा मला जरा खोकला आला.

"अपील करायला पंधरा दिवस दिलेत," ती म्हणाली. "अर्ज तू लिहून दे, ताई. तुझ्या शब्दाला वजन आहे."

मग तिने माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. "पूर्ण मालिका आहे यात. एकसष्ट फोटो. सावकाश बघ."

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

२२ मार्च, शनिवार

एकसष्ट फोटो बघितले.

पहिल्यात नुसतं पाणी आणि एक वर्तुळ. नवव्यात डोकं. चौदाव्यात मासा, शेपूट धनुष्यासारखी वाकलेली, पाण्याचा फवारा उडतोय. बाविसाव्यात माशाचा डोळा काळा. तेविसाव्यात पांढरा, वरच्या आकाशाची चकाकी. चोविसाव्यात पुन्हा काळा. स्पर्धेला तिने तेविसावा पाठवला, कारण पिल्लाचं तोंड त्यातच उघडं आहे.

मग तारखा बघितल्या. कशाला बघितल्या कोण जाणे. पेनड्राइव्हवर या मालिकेच्या आधीचा एकच फोटो होता, तो चार दिवस आधीचा. मधल्या दिवसांची तिने नुसती टीप ठेवलीय: 'तीन सकाळी. नाही आली. फोटो नाही.' मी अर्ध्या सामन्यात सहाशे काढते.

अर्ज लिहायला घेतला. 'माननीय परीक्षक मंडळ.' म्हणजे मीच. कागद फाडला.

२३ मार्च, रविवार

आज ठरवलं, बटण दाबून धरायचं नाही. थांबायचं, नेमका क्षण आला की एकच काढायचा. तिला जमतं, मला का जमू नये?

गोल झाला तेव्हा माझी लेन्स पंचांच्या शिट्टीवर होती. क्रीडासंपादकांनी बाहेरून फोटो मागवला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२५ मार्च, मंगळवार

"तिचा अर्ज लिहिलास का?" आईने विचारलं.

"लिहितेय."

"पानभराचा अर्ज आणि पाच दिवस?" आई वाटाणे सोलत होती. दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही लहान असताना तिने तुझं काही मोडलं, तर रडत येऊन मला सांगायची. तू तिचं मोडलंस की खूप शहाण्यासारखी वागायचीस. दोन दिवस स्वतःहून अभ्यास करायचीस."

"मग?"

"मग काही नाही. कालपासून घरातली सगळी कपाटं पुसलीस, म्हणून आठवलं."

२९ मार्च, शनिवार

स्पर्धेच्या कचेरीत गेले. आधी फोन करून तिघांनाही बोलावून घेतलं होतं. एकसष्ट फोटो त्यांना दाखवले. चोविसाव्या फोटोतला काळा डोळा बघून प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे आपली चूक झाली."

"आपली नाही," मी म्हणाले. "माझी. आणि चूक नाही. फोटो माझ्या बहिणीचा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं."

छपाईवाले हळूच म्हणाले, "मी चकाकी म्हणालो होतो."

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मला तुमच्या पेपराला कळवावं लागेल, बाई."

"कळवा. पण त्याआधी तळ्यावरच्या कचेरीला कळवा. आजच. मी इथे बसते."

त्यांनी पत्र टाइप केलं, माझ्यासमोर पाठवलं.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा पेशंट जाईपर्यंत दवाखान्याच्या बाहेर थांबले. आत बसायला एकच खुर्ची, पेशंटची. "बस," ती म्हणाली. बसले, तर खुर्ची मागे गेली आणि दिवा थेट तोंडावर आला.

"परीक्षक मी होते," मी दिव्याला सांगितलं. "माशाबद्दल मीच बोलले. तुझा फोटो आहे हे माहीत असून."

ती हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा काढला, दोन्ही टोपलीत टाकले.

"माहीत आहे."

"सचिवांनी सांगितलं?"

"पत्रानेच सांगितलं. नजर मेलेली आहे! हरणाऱ्या टीमबद्दल तू दर रविवारी हेच म्हणतेस."

"मग अर्ज मला कशाला लिहायला दिलास?"

"वाटलं, ते फोटो बघितलेस की उठून येशील." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "अकरा दिवस लागले, ताई."

मी उठायला गेले. त्या खुर्चीतून आपलं आपण उठता येत नाही. म्हटलं, आता सगळंच सांगून टाकावं. "अजून एक आहे. उडणारे पक्षी हलतात म्हणालीस ना, तेव्हा लेन्सवरचं ते बटण—"

"ते फेब्रुवारीतच सापडलं मला. नेटवर चित्र काढून समजावलंय." ती स्टुलावर बसली. "एक सांग. एकशे बारा फोटोंमधून माझा कसा ओळखलास?"

"डावी कड पुसट होती."

"हं," ती म्हणाली. "म्हणजे लेन्स ओळखलीस."

आणि तिचे डोळे भरून आले. एवढं सगळं झालं, पास गेला, पेशंट हसले, सख्ख्या बहिणीने पाय ओढला, तेव्हा माझ्यासमोर तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आणि आता? मला आधी कळेचना. मग कळलं, आणि जे बोलायचं होतं ते जिभेवर येता येईना. परीक्षक मी होते हे सांगणं त्यामानाने सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कड मी उठून जाऊन बघितली, ती नंतर. आधी बसल्या जागेवरूनच कळलं होतं. त्या पिल्लाचं तोंड उघडेपर्यंत थांबणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. मला नसतं जमलं."

तिने पेशंटच्या तोंडाला लावायच्या कागदाने नाक पुसलं. मग पायाने कळ दाबली. खुर्ची सरळ झाली.

"आता जा, ताई. मला अजून तुझा राग आहे. संपला की सांगेन."

१३ एप्रिल, रविवार

यादी दुरुस्त झाली. तिचा पास तिला परत मिळाला. सदुसष्ट नंबरचा फोटो प्रदर्शनात लावलाय, बक्षिसाशिवाय. घुबडाचं बक्षीस काढून घेणं बरोबर नाही असं तिनेच कळवलं म्हणे. मी एकटी जाऊन बघून आले. फोटोसमोर दाटी होती, माझ्या पुढे एक उंच माणूस उभा होता. त्याच्या पावलावर पाय द्यावासा वाटला नाही. थांबले.

पेपरात मला वर्षभर शालेय सामने दिलेत. आठ पावलांवरची जागा आता दुसऱ्याची, त्याच्या हातात नवीकोरी दीडशे ते सहाशेची लेन्स. बघून जीव जळला. पण एकाच वेळी माणसाने किती जणांवर जळावं, त्यालाही मर्यादा आहे.

धाकटीचा फोन नाही. आई दर गुरुवारी तिच्याकडे जाते आणि येऊन काही सांगत नाही. विचारलं तर म्हणते, दात दाखवायला गेले होते. आईला दात आहेत सात.

४ मे, रविवार

काल धाकटीचा मेसेज आला: 'उद्या पहाटे साडेपाच, तळ्यावर. तुझा कॅमेरा आण. बोलायचं नाही.'

गेले. पहारेकऱ्याने आम्हाला दोघींना आत सोडलं. काठावर झापांची एक खोपी आहे, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. लेन्ससाठी भोकं ठेवलीत. तिचं कोपर माझ्या बरगडीत, माझा गुडघा तिच्या पिशवीवर. पहिला तास काहीच नाही. एक बदक गेलं, माझं बोट बटणावर गेलं, तिने न बघता माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या तासाला माझा पाय बधिर झाला. मैदानावर एवढ्या वेळात सामना संपून आवराआवर झाली असती. मला उठून ओरडावंसं वाटत होतं.

मग पाण्यावर एक वर्तुळ उठलं.

चार जणं आली, आई आणि तीन मोठी झालेली पिल्लं. काठावर लोळली, एकमेकांच्या शेपट्या चावल्या, आणि सगळ्यांत लहान होतं त्याने मासा पकडून आईला दाखवायला नेला. मी बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. शेजारून टक् असा आवाज आला. बऱ्याच वेळाने अजून एक टक्.

परत येताना गाडीपर्यंत चालत आलो. बोललो नाही. तिने माझ्या बॅगेचा एक पट्टा धरला होता.

घरी आल्यावर तिने तिचे फोटो पाठवले. सात होते. माझे तीनशे चाळीस. त्यातला सगळ्यांत बरा निवडला आणि तिच्या एकाशेजारी स्क्रीनवर लावला. उठून चहा करून आले, पुन्हा बघितलं. तिचा चांगला आहे. बराच चांगला आहे. माझ्या पोटात दुखलंच.

फोन लावून तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

मग ती म्हणाली, "पहिली परत सांग."

मी परत सांगितली.